एका फुलीचा हिशेब

लंडन शहराच्या उत्तर भागांत हेंडन नांवाचें उपनगर आहे. २०२४ सालच्या जून महिन्यांत तेथील एका घरीं पुण्याहून आलेले नाना आपल्या मुलाकडे राहिले होते. मुलगा एका कचेरींत नोकरीला आणि सूनबाई रुग्णालयांत परिचारिका. दोघांचेही पासपोर्ट भारताचे. दुपारीं घर शांत असे, तेव्हां नानांचे शाळासोबती अण्णा चहाला येत. अण्णांना विलायतेस येऊन चाळीस वर्षें झालेलीं. तेथेंच पोस्टांत नोकरी करून ते सेवानिवृत्त झाले होते. गुडघेदुखी, पुण्यांतला पाऊस आणि हेंडनमधील कोथिंबिरीच्या जुडीचा भाव, एवढ्या विषयांवर दोघां मित्रांची दुपार सहज सरत असे.

त्या दिवशीं मात्र टेबलावर दोन छापील कार्डें पडलेलीं होतीं. नानांनीं चष्मा पुसला व त्यांतील एक उचलून विचारलें, “अण्णा, हा काय प्रकार आहे? सकाळीं टपालानें आलीं. वर मुलाचें व सूनबाईचें नांव, खालीं ४ जुलै ही तारीख आणि चर्चच्या एका सभागृहाचा पत्ता. मतदानाला या, म्हणून लिहिलें आहे. परक्या देशाच्या माणसांना कोणी मत द्यावयास बोलावतें काय? चुकून आलीं असतील, तर उगीच भानगड नको.”

“चूक मुळींच नाहीं,” बशींत चहा ओतीत अण्णा म्हणाले. “येथील कायदाच तसा आहे. पूर्वीं साम्राज्यांतील सर्व लोक ‘ब्रिटिश प्रजाजन’ म्हणून गणले जात, आणि येथें येऊन राहिल्यास इतरांप्रमाणें त्यांनाही मत देतां येत असे. साम्राज्य गेलें, परंतु तो हक्क राष्ट्रकुलांतील देशांच्या नागरिकांकडे तसाच राहिला. भारत राष्ट्रकुलांत आहे. म्हणून येथें राहण्याचा रीतसर परवाना असलेला भारतीय नागरिक मतदारयादींत नांव घालूं शकतो आणि पार्लमेंटसाठीं मत देऊं शकतो. उलट शेजारच्या फ्रान्सचा माणूस येथें वीस वर्षें राहिला, तरी येथील नागरिक झाल्यावांचून त्याला पार्लमेंटचें मत नाहीं.”

“म्हणजे मलाही एक कार्ड येईल कीं!”

“तुला कसें येईल? तूं पाहुणा. येथें कायमचें बिऱ्हाड असावें लागतें, आणि यादींत नांव आपण होऊन घालून घ्यावें लागतें.”

“आणि यांच्या भारतीय नागरिकत्वाला कांहीं बाध?”

“मत देणें निराळें आणि नागरिकत्व घेणें निराळें. येथील नागरिकत्व स्वीकारलें, तर भारताचें जातें. नुसती फुली केल्यानें कांहीं जात नाहीं.”

सूनबाई पातेल्यांतला उरलेला चहा गाळून घेत होती. तिला संध्याकाळीं रात्रपाळीवर जावयाचें होतें. ती म्हणाली, “अण्णाकाका, यांना त्या दिवशीं मँचेस्टरला कामावर जायचें आहे, म्हणून यांनीं टपालानें मत पाठविण्याचा अर्ज केला आहे. मी मात्र जाणार नाहीं. रात्रभर उभें राहून यावयाचें आणि पुन्हां रांगेंत उभें राहावयाचें. देशांत कोट्यवधि लोक मत देणार. त्यांत आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाच्या एका मतानें काय होणार?”

“कोट्यवधि नव्हेत,” अण्णा म्हणाले. “घोटाळा होतो तो येथेंच. तुझें मत देशभरच्या ढिगांत पडतच नाहीं. तें पडतें फक्त हेंडनच्या पेटींत.”

नाना खुर्ची पुढें ओढून बसले. “हें नीट सांग. मला आपल्याकडची रीत ठाऊक आहे. येथेंही तशीच असेल.”

“आपली रीत येथूनच गेलेली आहे. या देशाचे ६५० मतदारसंघ केले आहेत. इंग्लंडला ५४३, स्कॉटलंडला ५७, वेल्सला ३२ आणि उत्तर आयर्लंडला १८.”

“पांचशें त्रेचाळीस? आपल्या लोकसभेच्या जागा तितक्याच!”

“तो योगायोग. आपल्याकडे सबंध देशाच्या तितक्या, येथें एकट्या इंग्लंडच्या. कांहीं बेटें सोडलीं, तर एका मतदारसंघांत साधारणपणें सत्तर ते सत्याहत्तर हजार मतदार यावेत, अशा बेतानें २०२३ सालीं सीमा नव्यानें आंखल्या आहेत. प्रत्येक मतदारसंघांतून एक सभासद कॉमन्स सभेंत जातो. लॉर्डांच्या सभेसाठीं मतदान होत नाहीं. म्हणजे ४ जुलैला एक निवडणूक होणार असें आपण म्हणतों खरें. परंतु होणार आहेत त्या एकाच दिवशीं ६५० निरनिराळ्या निवडणुका. प्रत्येकींत ज्याला सर्वांत जास्त मतें, तो निवडून आला. निम्म्याहून अधिक मतें पाहिजेत, असें बंधन नाहीं.”

अण्णांनीं खिशांतून पेन्सिल काढली व गॅसच्या बिलाच्या पाकिटावर तीन चौकोन काढले. “समज, तीन मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकांत शंभर मतें. पहिल्यांत तांबड्या पक्षाला ४०, निळ्याला ३५ आणि इतरांना २५. दुसऱ्यांतही नेमकें तसेंच. तिसऱ्यांत निळ्याला ८०, तांबड्याला १० आणि इतरांना १०. कर बेरीज.”

नानांचा सारा जन्म बँकेच्या खतावणींत गेलेला. त्यांनीं तत्काळ सांगितलें, “निळा १५०, तांबडा ९०, इतर ६०. निळा जिंकला.”

“निळा हरला! तांबड्याच्या जागा दोन, निळ्याची एक. तिसऱ्या ठिकाणीं निळ्याजवळ मतांची रास पडली होती. पण तेथें जास्त झालेलीं मतें शेजारच्या मतदारसंघाला उसनीं देतां येत नाहींत. कॉमन्स सभेंत मोजतात त्या जागा.”

“हें पाकिटावर ठीक आहे. प्रत्यक्षांत असें घडतें काय?”

“अनेकदां. येथील मोठे पक्ष दोन: कंझर्व्हेटिव्ह, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला हुजूर पक्ष, आणि लेबर, म्हणजे मजूर पक्ष. १९५१ सालीं मजूर पक्षाला ४८.८ टक्के मतें पडलीं. हुजूर पक्ष व त्याचे सहकारी यांना ४८ टक्के. परंतु जागा पाहशील, तर मजुरांना २९५ आणि हुजुरांना ३२१. ॲटली पायउतार झाले आणि चर्चिल मुख्य प्रधान झाले. फेब्रुवारी १९७४ मध्यें उलट झालें. मतें हुजुरांना अधिक आणि जागा मजुरांना अधिक. लहान पक्षांचें तर विचारूंच नको. २०१५ सालीं यूकिप नांवाच्या पक्षाला देशभर सुमारें ३९ लाख मतें मिळालीं आणि जागा मिळाली एक. त्याच वेळीं स्कॉटिश नॅशनल पक्षाला साडेचौदा लाखांच्या आसपास मतें आणि जागा ५६. कारण त्याचीं सारीं मतें एकट्या स्कॉटलंडांत एकवटलेलीं होतीं. यूकिपचीं मात्र खिचडींतल्या मिठासारखीं सगळीकडे पसरलेलीं.”

“हा तर उघड अन्याय झाला,” नाना म्हणाले.

“पुष्कळांना तसें वाटतें. २०११ सालीं या प्रश्नावर सार्वमत घेतलें. उमेदवारांना पसंतीप्रमाणें एक, दोन, तीन असे क्रम द्यावेत, अशी सूचना होती. जवळजवळ ६८ टक्के लोकांनीं ती नाकारली. जुन्या रीतीचे अभिमानी म्हणतात कीं, हींत प्रत्येक गांवाला आपला एक माणूस मिळतो. कोणाचें घराचें गाऱ्हाणें, कोणाच्या परवान्याचा घोळ. लोक आपल्या सभासदाला गांठतात, आणि त्यानें मत न देणाऱ्याचेंही ऐकावयाचें असतें. शिवाय नको झालेल्या सरकारला एका रात्रींत घरीं पाठवितां येतें. दोन्ही बाजूंचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. परंतु नियम बदलेपर्यंत सूनबाईनें लक्षांत ठेवावयाचें तें एवढेंच: या हिशेबांत मत कोठें पडलें, याला फार महत्त्व आहे.”

दाराशीं भाजी आली. नाना उठून पिशवी घेऊन आले आणि कोथिंबिरीच्या चार काड्यांना किती पैसे पडले, हें पुण्याच्या भावांत हिशेब करून ऐकविते झाले. त्यांनीं जुडी निवडावयास घेतली, अण्णांनींही हात लाविला, आणि बोलणें पुन्हां मूळ विषयावर आलें.

“मुख्य प्रधानासाठीं निराळें मत द्यावें लागतें काय?” नानांनीं विचारलें.

“नाहीं. मुख्य प्रधानही कोठल्या तरी एका मतदारसंघाचा उमेदवार असतो. ६५० पैकीं ३२६ जागा ज्या पक्षाला मिळतील, त्याच्या पुढाऱ्याला राजा मंत्रिमंडळ बनविण्यास सांगतो. २०१० सालीं कोणालाच तितक्या मिळाल्या नाहींत, तेव्हां दोन पक्षांनीं मिळून सरकार बनविलें. कॉमन्स सभेचा पाठिंबा टिकला पाहिजे, हें सूत्र आहे. म्हणूनच २०२२ सालीं सार्वत्रिक निवडणूक न होतां जॉन्सन गेले, लिझ ट्रस आल्या, त्याही गेल्या आणि ऋषि सुनक आले. पक्षानें पुढारी बदलला, म्हणून मुख्य प्रधान बदलला.”

“आणि निवडणूक केव्हां घ्यावयाची, तें कोण ठरवितें?”

“पार्लमेंटचें आयुष्य जास्तींत जास्त पांच वर्षें. त्याच्या आंत मुख्य प्रधान राजाला विसर्जनाची विनंति करूं शकतो. या खेपेस २२ मे रोजीं सुनक यांनीं दहा नंबर डाउनिंग स्ट्रीटच्या दारांत भर पावसांत भिजत घोषणा केली. ३० मे रोजीं पार्लमेंट विसर्जित झालें. विसर्जनानंतर कामाच्या दिवसांपैकीं पंचविसावा दिवस मतदानाचा. तोही बहुधा गुरुवारच येतो. १९३५ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारीं झालेली आहे.”

“उमेदवार कोणीही होऊं शकतो?”

“दहा मतदारांच्या सह्या आणि पांचशें पौंड अनामत असली, म्हणजे बहुतेक साधतें. पांच टक्के मतें पडलीं नाहींत, तर अनामत जप्त. त्यामुळें विदूषकही उभे राहतात. खुद्द सुनक यांच्या मतदारसंघांत यंदा डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला एक उमेदवार उभा आहे. निकाल सांगतांना सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर उभे करतात. मुख्य प्रधानाच्या शेजारीं तो डबाही असेल. येथील लोकांना त्यांत वावगें वाटत नाहीं. कायद्यापुढें दोघेही उमेदवारच.”

सूनबाई हंसली. “आणि प्रत्यक्ष मत कसें द्यावयाचें? तें बटणाचें यंत्र असतें काय?”

“यंत्र नाहीं, बोटाला शाई नाहीं. सकाळीं सातापासून रात्रीं दहापर्यंत केन्द्र उघडें असतें. शाळा, चर्चचें सभागृह, क्वचित् दारूचा गुत्ताही केन्द्र म्हणून घेतात. हें कार्ड नेलें नाहीं तरी चालतें. परंतु छायाचित्र असलेली ओळख मात्र दाखवावी लागते. सार्वत्रिक निवडणुकींत हा नियम सबंध देशभर या वेळीं प्रथमच लागू होत आहे. तुझा भारतीय पासपोर्ट चालतो. मग एक कागद मिळतो, त्यावर उमेदवारांचीं नांवें. आडोशाला जाऊन आपल्या उमेदवारापुढें फुली करावयाची, घडी घालून पेटींत टाकावयाची. तेथें दोरीला बांधलेली शिसपेन्सिल असते.”

“शिसपेन्सिल? खोडून टाकली तर?” नाना चमकले.

“विश्वास नसेल, त्यानें आपलें पेन न्यावें, कायद्याची आडकाठी नाहीं. मतें हातानें मोजतात. सीलबंद पेट्या उमेदवारांच्या माणसांदेखत फोडतात, गठ्ठे बांधतात, आणि संशय आल्यास पुन्हां मोजतात. मतें अगदीं समसमान पडलीं, तर चिठ्ठ्या टाकून निर्णय करतात.”

“आणि कोणी कोणाला मत दिलें, हें घरच्यांना कळतें काय?” सूनबाईनें सहज विचारलें; पण प्रश्न सहज नव्हता.

“तूं सांगितलेंस तर. एके काळीं येथें मत मोठ्यानें बोलून द्यावें लागे. जमीनदाराच्या कारकुनासमोर कुळानें मत सांगावयाचें, मग त्याला स्वातंत्र्य कसलें? त्या काळचा कारभारच विलक्षण. १८३२ पूर्वीं ओल्ड सॅरम नांवाच्या ओसाड टेकडीला दोन सभासद होते, आणि तेथील मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मँचेस्टरसारख्या भरभराटीच्या शहराला मात्र एकही नाहीं. तें १८३२ सालीं सुधारलें. गुप्त मतदान आलें १८७२ सालीं. त्या कायद्यान्वयें पहिली पोटनिवडणूक पाँटफ्रॅक्ट गांवीं झाली. तेथें ज्येष्ठमधाच्या वड्या होतात. त्या वड्यांवर उमटवावयाच्या शिक्क्यानेंच मतपेटीला लाखेची मोहर केली होती. स्त्रियांना मात्र याहूनही थांबावें लागलें. १९१८ सालीं तीस वर्षांवरील कांहीं स्त्रियांना आणि १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें सर्वांना मत मिळालें. त्यासाठीं बायका तुरुंगांत गेल्या आहेत, हें विसरूं नको.”

सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें पेला विसळला.

“तरीही,” नाना म्हणाले, “सत्तर हजारांत एक मत म्हणजे नगण्यच.”

“दादाभाई नौरोजींना विचार. आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे ते गणिताचे प्राध्यापक. १८९२ सालीं लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांतून पार्लमेंटमध्यें निवडून आले. किती मतांनीं? पांच. दोन हजार नऊशें एकसष्ट विरुद्ध दोन हजार नऊशें छप्पन्न. तेथील तीन मतदारांनीं आपला विचार बदलला असता, तर हिंदुस्थानची बाजू मांडणारा तो आवाज त्या वेळीं कॉमन्स सभेंत उमटलाच नसता. पुढच्याच वर्षीं सनदी नोकरीची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानांतही घ्यावी, असा ठराव त्या सभेनें संमत केला. सरकारनें तो अमलांत आणला नाहीं, ही गोष्ट निराळी.”

“आणि ही कांहीं जुनी कथा नव्हे,” अण्णा पुढें म्हणाले. “१९९७ सालीं विंचेस्टर येथें एक उमेदवार दोन मतांनीं निवडून आला. पडलेला उमेदवार न्यायालयांत गेला. कांहीं मतपत्रिकांवर अधिकृत खूण उमटवावयाची राहून गेली होती, म्हणून निवडणूक रद्द झाली. पुन्हां मतदान झालें, तेव्हां तोच उमेदवार २१,५५६ मतांच्या अधिक्यानें आला! लोकांना तक्रार करणाऱ्याचा राग आला होता, असें पुष्कळांचें मत. आणि आपलें हेंडन? २०१० सालीं येथें निकाल लागला तो १०६ मतांनीं. सगळीकडे असें होत नाहीं, हें खरें. कित्येक मतदारसंघ पिढ्यान् पिढ्या एकाच पक्षाकडे असतात. तेथें एका मतानें पान हलत नाहीं, आणि या रीतीवरचा तोच मोठा आक्षेप आहे. परंतु हेंडन त्यांतलें नव्हे.”

अण्णा उठले. सूनबाईनें टेबलावरचें आपलें कार्ड उचलून फडताळांत पासपोर्टाजवळ ठेवलें, एवढें नानांनीं पाहिलें.

४ जुलै रोजीं रात्रपाळी संपवून ती साडेआठाच्या सुमारास घरीं आली. चहा घेतला आणि पायांतले जोडे न काढतांच म्हणाली, “बाबा, येतां का चर्चपर्यंत?” नाना निघाले. फाटकाला कोणाचा तरी कुत्रा बांधलेला होता. पोलीस, घोषणा, लाऊडस्पीकर कांहींच नाहीं. नाना बाहेर थांबले. पांच मिनिटांत सूनबाई परत आली. नानांनीं संवयीनें तिच्या बोटाकडे पाहिलें. बोट कोरें होतें.

त्या रात्रीं दहाच्या ठोक्याला मतदान संपलें आणि मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून काढलेला अंदाज दूरचित्रवाणीवर झळकला. पहाटेपर्यंत निकाल येत राहिले. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतें, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश. जागा मात्र ४११, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश. हुजूर पक्षाला २३.७ टक्के मतें व १२१ जागा. रिफॉर्म यूके या पक्षाला १४.३ टक्के मतें आणि केवळ ५ जागा. तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी, १२.२ टक्के मतें असून ७२ जागा. नोंदलेल्या शंभर मतदारांपैकीं सुमारें साठांनींच मत दिलें होतें. नानांनीं हे आंकडे त्याच गॅसच्या पाकिटाच्या मागच्या बाजूस उतरून घेतले. तीन चौकोनांचा हिशेब सबंध देशाच्या मापानें समोर आला होता. ५ जुलै रोजीं सुनक राजाकडे राजीनामा देऊन आले आणि त्याच दिवशीं कीर स्टार्मर मुख्य प्रधान झाले.

हेंडनचा निकाल अण्णांनीं फोनवर सांगितला. मजूर पक्षाचा उमेदवार आला. हुजूर पक्षाची जागा गेली. मतांचें अंतर पंधरा.

“पंधरा हजार?” नानांनीं विचारलें.

“पंधरा. दहा आणि पांच.”

नाना क्षणभर स्तब्ध राहिले. पुण्यांतल्या त्यांच्या वाड्याच्या एका जिन्यावर याहून अधिक मतदार राहत होते.

संध्याकाळीं मँचेस्टरहून मुलाचा फोन आला. त्याची फुली टपालानें आधींच गेली होती. त्यानें हंसत हंसत बायकोला विचारलें, “खरें सांग, तूं कोणाला दिलेंस? त्या पंधरांत तूं कीं विरुद्ध बाजूस?” सूनबाईनें उत्तर दिलें नाहीं. नानांनीं तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, “हा प्रश्न विचारण्याची रीत या देशांत १८७२ सालीं बंद झाली. तूं जेवलास काय, तें सांग.”